पहिल्या गासडीचा अभिषेक

अकोट, कार्तिक शुद्ध दशमी, शके १७८६

तीर्थरूप भगवंतराव दाजींचे सेवेशी, मेहुणा गोवर्धन याचा साष्टांग नमस्कार, आणि त्यासोबत मेहुण्याला झेपेल तेवढा आदर. तुमचा गुडघा कसा आहे? दुर्गाअक्काचे पित्त शमले असेल, निदान तुम्ही घराबाहेर असता तेव्हा तरी शमत असेल. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य गेल्या आठवड्यात लिहिता आले नसते, म्हणून पुन्हा लिहितो. आम्ही सर्व सुखरूप आहोत.

अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाचा भाव चढला आणि न्यायशास्त्र पढलेला तुमचा मेहुणा सरकी काढण्याचे आठ रेचे मांडून बसला, यावर तुम्ही पंक्तीत काय बोललात ते मला कळले आहे. (अक्का काही लपवत नाही.) पण रेचे चालवणे सोपे, दाजी, सरकारचे कापसाचे नियम चालवणे कठीण. दारावर नावाची पाटी हवी, रुईच्या गासडीवर आकडा हवा, सरकी एका खोलीत तर रुई दुसऱ्या खोलीत हवी, आणि मला खोली एकच. रुईत माती नको, खडा नको, पाणी तर नकोच नको. आमच्या शास्त्रात लक्षणाला अव्याप्ती (हवे ते सुटते) आणि अतिव्याप्ती (नको ते सापडते) असे दोन वेगळे दोष सांगितले आहेत. सरकारने ते एकाच कलमात नांदवले आहेत.

तर पाडव्याला हंगामातली पहिली गासडी भरली. पहिली गासडी पूजेवाचून शिवायची नाही ही रीत बार्शीटाकळीला तुमच्या रेच्यांवरही आहे. मी दूर्वांनी पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले, आत सुपारी ठेवली आणि मंत्र जरा लांबवला. (रेच्यावरच्या बाया ऐकत होत्या, हे कबूल करतो.) तेवढ्यात दारात घोडा थांबला. अमरावतीहून फिरतीवर आलेला कापूस तपासणारा साहेब, आणि मागे त्याचे मुनशी अब्दुल सत्तार. साहेबाने पाहिले ते असे: कारखानदार स्वतःच्या हाताने, मोठ्याने म्हणत, रुईवर पाणी टाकतो आहे आणि आत सुपारी भरतो आहे. एकाच वेळी ओल आणि भेसळ. असा बिनधास्त गुन्हेगार त्याने अख्ख्या वऱ्हाडात पाहिला नसावा.

मी पुण्याहवाचनाचे प्रयोजन सविस्तर सांगितले. मुनशींनी त्याचा तर्जुमा तीन शब्दांत केला. साहेबाचा हुकूम सुटला: परवाना रद्द, रेच्यांना कुलूप, गासडी जप्त. बारा बायांचे काम ऐन हंगामात बुडणार होते. जप्तीसाठी साहेबाने पितळी शिक्का काढून लाखेवर दाबला, आणि लाखेत उमटले सरकारचे चिन्ह व त्याच्या मधोमध एक अक्षत, कुंकवासकट.

मुनशींनी हळूच खुलासा केला की दसऱ्याला कचेरीतल्या शिपायांनी शिक्क्याची पूजा केली होती, दरसाल करतात. तेव्हा रेच्यावरची मैनाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. म्हणाली, "साह्यब, आमच्या रुईवर चार थेंब पडले तं आमी चोर. मंग तुमच्या शिक्क्यात तांदूळ काहून हाये?"

हे मात्र मुनशींनी शब्दाला शब्द सांगितले. साहेबाने वाकून ती अक्षत नखाने टोकरून पाहिली. मग त्याने कोपरापर्यंत हात गासडीत घातला. आत सगळी कोरडी रुई. सुपारी बाहेर काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली, लाख फोडली आणि मिशीतल्या मिशीत हसत घोड्यावर बसला. रेचे पुन्हा कुरकुरू लागले. दाजी, सामगायनही मला कधी इतके गोड लागले नव्हते.

आपला,
गोवर्धन

ता. क. एक गोष्ट राहिली. जाताना साहेब म्हणाला, पूजा करा, पण तिचा नियम लेखी असू द्या. मी आनंदाच्या भरात मुनशींना सात कलमे सांगितली. थेंब किती, दूर्वा किती, सुपारी शिवण्याआधी काढावी, आणि गासडी कोरडी असल्याचा दाखला शास्त्र पढलेल्या माणसाने द्यावा. वाटले, कोण वाचतो? काल दवंडी पिटली. आता अकोटापासून बार्शीटाकळीपर्यंत प्रत्येक रेचेवाल्याला ते लागू आहे, म्हणजे तुम्हालाही.

पुन्हा ता. क. दाखला देण्यास तूर्त एकच शास्त्री मंजूर झाला आहे. तुमची पहिली गासडी पौर्णिमेला असते, तेव्हा त्रयोदशीला बैलांची दमणी पाठवावी, गादी घालून. अक्काला पुरणाचे सांगून ठेवावे.

शेवटचा ता. क. ही कलमे मैनाबाईला वाचून दाखवली. तिने रेचा थांबवला आणि म्हणाली, "साह्यबापासून तं आमी वाचलो, शास्त्रीबुवा. आता तुमच्यापासून आमाले कोन वाचवन?"