अर्धा निळा, अर्धा पांढरा

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण परवा तुमच्यामुळे मी भर मैदानात एकटीच हसत सुटले. जर्मनीत वर्ल्डकप झाला, तेच हे वर्ष. इथे झिंडेलफिंगेनजवळच्या आमच्या गावात तुमची नात फुटबॉल खेळते. हो, तीच, जी तुम्ही पाहिलीच नाहीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. आमच्या गावाच्या टीमला यंदा मुली कमी पडल्या आणि शेजारच्या गावालाही, म्हणून दोघांनी मिळून एकच टीम करायची ठरली. आमच्या मुली निळ्या, त्यांच्या पांढऱ्या. आता शर्ट कुणाचा घालायचा?

पालकांची सभा भरली, आणि काय सांगू, थेट आपली पेठ आठवली. एवढी शिस्तीची माणसं, पण शर्टाच्या रंगावरून अशी हट्टाला पेटली की कोच म्हणाला, "आल्झो, हे बघा, आज ठरलं नाही तर टीम नाही." पोरगी माझ्या शेजारी बसलेली. डोळे भरलेले, पण रडायचं नाही असं ठरवलेलं. अगदी तुमच्यासारखी हनुवटी पुढे काढून. मला ते बघवेना.

आणि मला आपलं कोल्हापूरचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तुम्ही कोच असलेल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे शर्ट आई शिवतेय, निळं कापड अर्ध्यात संपलंय, दुकानात तो रंग शिल्लक नाही. आई वैतागते, घरातलं पांढरं कापड काढते आणि प्रत्येक शर्ट उभा अर्धा-अर्धा करून मोकळी होते. सगळे खेळाडू जमिनीवर बसून पोहे खातायत. सेंटर फॉरवर्ड शर्ट उचलून धरतो. "सर, ह्यो काय बँडवाल्यांचा ड्रेस हाय? ह्ये घालून उतरलो तर समदी पेठ हसंल आमाला!" तुम्ही शांतपणे चहा बशीत ओतता. म्हणता, "इंग्लंडात एक क्लब आहे. शंभर वर्षं झाली, असाच शर्ट घालतात. तिथे वरची गल्ली निळी होती, खालची पांढरी. रंगावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा तिथल्या शिंप्याच्या बायकोनं दोन्ही शर्ट मधोमध कापले आणि एकमेकांना जोडून टाकले. मैदान बदललं, मालक बदलले, शर्ट नाही बदलला." पोरं एकेक शर्ट अंगाला लावून बघायला लागतात. मशीनवरून आई विचारते, "अहो, खरं का हे?" तुम्ही म्हणता, "शंभर टक्के," आणि खिडकीबाहेर बघत चहा पिता. त्या वर्षी तो शर्ट अंगात असला की आपली पोरं छाती काढून चालायची.

ती थाप होती, आबा. माझ्या ऑफिसात त्या क्लबच्याच गावचा एक इंग्रज आहे. तो नवीन आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला त्या गल्ल्यांबद्दल विचारलं. तो गोंधळला. "कसल्या गल्ल्या? एका शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी क्लब काढला, पहिल्यापासून निळा-पांढरा अर्धा-अर्धा. बाकी मला तरी काही माहीत नाही." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! क्लब खरा, शर्ट खरा, आणि शिंप्याची बायको म्हणजे आपली आई.

तर त्या सभेत मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये तुमची गोष्ट सांगितली. गल्ल्यांसकट. पांढऱ्या गावची एक आई, सगळ्यात जास्त भांडलेली, तीच आधी म्हणाली, "गेनाऊ! अगदी बरोबर! कात्री कुणाकडे आहे?" पुढचा शनिवार आमच्या बैठकीच्या खोलीत गेला. दोन्ही गावांचे जुने शर्ट आम्ही आया मधोमध कापत होतो आणि मी मशीनवर होते. पहिल्याच शर्टाच्या पाठीवर अर्धा सात आणि अर्धा चार जोडला गेला, मग तो उसवून साताला सात लावला. केवढं हसलो!

परवा पहिला सामना झाला. इंग्रजालाही बोलावलं होतं. आमचा कोच त्याला अभिमानाने त्याच्याच क्लबचा इतिहास ऐकवायला लागला. मी जमिनीकडे बघत उभी. इंग्रज सगळं ऐकून घेतो, मैदानातल्या शर्टांकडे बघत राहतो आणि मग सावकाश म्हणतो, "माझे आजोबा म्हणायचे खरे, आमच्या गावात वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं कधी पटलं नाही. असेल, असंच झालं असेल." तेव्हा मला हसू आवरेना. तुमची थाप आता इंग्लंडला पोचणार, आबा! आणि आपण हरलो, पण तुमच्या नातीने एक गोल मारला. गोल झाल्यावर पांढऱ्या गावच्या मुलींनी तिला उचलून घेतलं.

घरी येताना ती गाडीत विचारते, जर्मनमध्ये, की ती गोष्ट आजोबांनी सांगितली होती ना, ती खरी आहे का. तिला खरं सांगावं असं मी ठरवलं होतं. अगदी शब्दसुद्धा जुळवले होते.

"शंभर टक्के," मी म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.