फुलोऱ्यातला ताग

३ जून
आज खालच्या दीड एकरात ताग पेरला. लासुर्ण्याच्या शिवारातला ऐतिहासिक दिवस. वीस वर्षं उसावर ऊस घेऊन या जमिनीची फरशी झाली आहे. (केली कुणी, हा प्रश्न गौण.) ताग वाढवायचा, फुलं लागली की कोवळाच मातीत गाडायचा, तो कुजला की जमीन पुन्हा जिवंत. मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावायचा तो आडसाली ऊस. राजलक्ष्मीला तिथं गाईंसाठी मका हवा होता. चाळीस मिनिटं समजावलं. ती म्हणाली, "बरं. पण पंधरा ऑगस्टच्या आत ऊस लागला न्हाय, तर खालचं वावर मी बघणार. तुमी भाषणं बघा." पत्नीच्या अटीला घाबरणारा मी नव्हे. मान्य केली. वेळ भरपूर आहे.

१४ जुलै, सकाळी
ताग छातीला लागला. पिवळी फुलं दिसू लागली. राजलक्ष्मी म्हणाली, "बिरूला ट्रॅक्टर घेऊन बोलवा." काय ही घाई! पुस्तकात स्पष्ट छापलं आहे : पीक फुलोऱ्यात असताना गाडावं. आता फुलोरा म्हणजे काय? दोन-चार माणसं म्हणजे सभा नव्हे, तशी दोन-चार फुलं म्हणजे फुलोरा नव्हे. तिला हे सांगितलं. ती शेण काढायला गेली. शब्दकोश काढून पाहिला. माझंच बरोबर.

२० जुलै
बावड्याला भाषण. विषय : मातीचा आक्रोश. एक तास पन्नास मिनिटं बोललो. 'दिरंगाई हाच मातीचा खरा शत्रू!' या वाक्याला टाळी. बरेच जण मधेच उठून गेले. थेट वावराकडे धावले असावेत. भाषणाच्या भरात २ ऑगस्टला माझ्या शेतावर शिवारफेरी जाहीर केली. म्हणजे तोवर ताग उभा ठेवणं आलं. नाइलाज.

२६ जुलै
चार दिवस पाऊस. वावरात ट्रॅक्टर जाणं अशक्य. आता गाडायचा म्हटला तरी गाडता येणार नाही, म्हणजे थांबण्याचा माझा निर्णय योग्यच होता. राजलक्ष्मी जेवताना बोलली नाही. हवेचा परिणाम.

२ ऑगस्ट
शिवारफेरी. अपेक्षा साठ. आले तीन. पैकी एक पत्ता चुकून आलेला. ताग डोक्याच्या वर, सगळं वावर पिवळंधमक. मी प्रास्ताविक सुरू केलं, तेवढ्यात शेजारचे रामहरी तात्या बांध ओलांडून आले. एक दांडा वाकवला. मोडेना. म्हणाले, "दिग्विजयराव, फुलं लागली तवाच गाडायचा हुता. आता दांडा जून झाला. ह्यो कुजायला दिवाळी उजाडंल."
मी त्यांना फुलोऱ्याचा अर्थ समजावून सांगितला.
"फुलंच बघायची हुती, तर गुलछडी लावायची की!"
तिघंही हसले. पत्ता चुकलेला सर्वांत जास्त. प्रबोधनाचं काम सोपं नसतं.

६ ऑगस्ट
बिरू रोटाव्हेटर घेऊन आला. पाच मिनिटं चालवतो, तागाचे धागे पात्यांना गुंडाळतात. मग खाली उतरतो, विळ्यानं कापत बसतो. दुपारपर्यंत दोन गुंठे. शेवटी विळा फेकून म्हणाला, "आण्णा, तुमी खत न्हाय, चऱ्हाट पेरलंय!"
राजलक्ष्मी पदर तोंडाला लावून हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. मी विचारलं, एवढं काय झालं? म्हणाली, "काय न्हाय. बिरूला बी कळलं म्हणायचं, हितं चऱ्हाट हाय त्ये." तागाला धागे असतात, त्यात हसण्यासारखं काय? बिरू गेला. फोन उचलत नाही. रेंज नसेल.

११ ऑगस्ट
राजलक्ष्मीनं तिच्या माहेरची चंद्राबाई आणि आणखी तीन बायका बोलावल्या. विळ्यांनी ताग कापणं सुरू. कामामागचं शास्त्र त्यांना कळावं म्हणून मी बांधावरून थोडं बोललो. चंद्राबाई म्हणाली, "दाजी, इळा घ्या, न्हायतर सावलीत बसा." दोन्ही बाजूंचा साकल्यानं विचार करून सावलीत बसलो.

१६ ऑगस्ट, सकाळी लवकर
काल मुदत संपली. अर्धा ताग आडवा, अर्धा उभा. आडसाली गेली. सुरुवातीपासून माझ्या मनात ऑक्टोबरची लागणच होती, असं राजलक्ष्मीला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती 'व्हय' म्हणाली.
एकटाच वावरात गेलो. खुरप्यानं उकरून पाहिलं. गांडूळ नाही. ढेकूळ हातात घेतलं, फुटेना. वीस वर्षं मी मातीवर बोलतोय. ही मातीच माझ्या हातून गेली, तर बोलायचं कशावर?
विषय चांगला आहे. टिपून ठेवला.

२२ ऑगस्ट
बायकांनी जून ताग बाहेर काढून खड्ड्यात टाकला. राजलक्ष्मीनं त्याच वावरात पुन्हा ताग पेरला. मला विचारलं नाही. गडबडीत राहिलं असेल. बी दाट पडतंय, असं मी सुचवलं. तिनं हात थांबवला नाही.

१ ऑक्टोबर
चाळीसावा दिवस. फुलं दिसली. पाऊस संपला आहे, तेव्हा पंधरा दिवस थांबायला हरकत नाही, असं नम्रपणे म्हणालो. राजलक्ष्मी म्हणाली, "परवा लोणी भापकरला भाषण हाय न्हवं? निवांत जाऊन या." जुना आदर परत येतोय.

३ ऑक्टोबर
लोणी भापकर. नऊ जण होते. सव्वा तास बोललो.
संध्याकाळी परतलो, तर खालचं वावर काळंभोर. एक फूल दिसेना. कोवळा ताग सगळा मातीत गेलेला. बिरूनं तिचा फोन पहिल्याच रिंगला उचलला म्हणे. दोन तासांत काम उरकलं.
तिनं चहा दिला. विचारलं, "किती जण हुते?"
"बावीस," म्हणालो.
मग विचारलं, आज गाडायचं ठरलं होतं, तर मला का नाही सांगितलंस?
"सांगितलं असतं, तर तुमी बोलला असता."
यावर मी चहा प्यालो.