हॅगशॉची सर्वांत उंच चिमणी

मी, क्लिफर्ड थॉर्नबर, वय ७९, निवृत्त जॉबर, पर्सिव्हरन्स गिरणी, राहणार १७ केनयन रस्ता, हॅगशॉ, लँकशर, सकाळचा चहा पोटात आणि डोकं ताळ्यावर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्हींत मी एक गोष्ट दडवली होती. माझे वकील श्री. डक्सबरी म्हणतात की मृत्युपत्रात एवढी बडबड नसते. त्यांनी आपलं लिहिताना करू नये.

कलम १. गिरणीतले साचे, म्हणजे माग, दुरुस्त करायच्या हत्यारांची माझी जॉबरची पेटी वाचनालयाच्या संग्रहाला द्यावी. पान्यांवरचं तेल कुणी पुसू नये.

कलम २. शिडी शेजारी स्टॅन्ली क्रॅबट्री यांना. ती अकरा वर्षं त्यांच्याकडेच आहे, तेव्हा फार धावपळ करावी लागणार नाही.

कलम ३. ‘हॅगशॉ : माहीत आहे का?’ या माझ्या १९५५ सालच्या पुस्तिकेच्या माळ्यावर उरलेल्या सगळ्या प्रती रद्दीत घालाव्यात. सर्कशीच्या हत्तीने रंगाच्या कारखान्याचं पाणी प्यायलं आणि त्याची सोंड तीन आठवडे निळी होती, हे त्यातलं खरं आहे. जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात सापडेल. पान नऊ मात्र साफ खोटं आहे.

कलम ४. पान नऊवर मी लिहिलं की गावातली सर्वांत उंच चिमणी आमच्या पर्सिव्हरन्सची, दोनशे चोवीस फूट. माझे सासरे जोनास ग्रिमशॉ गवंडी होते. प्रिमरोझ गिरणीची चिमणी त्यांनी बांधली होती, दोनशे सोळा फूट, आणि गावात याहून उंच चिमणी नाही असं ते मरेपर्यंत सांगत. माझ्या पुस्तिकेमुळे ते थापाडे ठरले. वाचनालयाने भिंतीवर फलक लावला, शाळेत मुलं माझा आकडा पाठ करू लागली. क्लबातल्या नाताळच्या प्रश्नमंजुषेत माझी मेहुणी मेव्हिस हिने बापाची बाजू घेतली, तेव्हा सगळा क्लब तिला हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून ती आमच्या घरी आली नाही. माझी हिल्डा, तिची सख्खी बहीण, वारली तेव्हा मेव्हिस प्रार्थनेला सर्वांत मागे बसली आणि संपताच निघून गेली.

आता चूक कशी झाली ते. चिमणी मी सावलीवरून मोजली होती : एक सावली चिमणीची, एक माहीत उंचीच्या काठीची, आणि दोन्हींचं प्रमाण. गिरण्यांच्या सुट्टीचा आठवडा होता, धूर नाही, आभाळ स्वच्छ, सगळं गाव समुद्रावर गेलेलं. चिमणीची सावली मोजून झाली आणि बारा वाजले. भोंगा बंद होता, पण माझ्या अंगात तो रोजच्यासारखा वाजला. हात थांबले. मी घरी जाऊन हिल्डाच्या हातचा मटण-बटाट्याचा रस्सा खाल्ला आणि एक वाजता परत येऊन काठीची सावली मोजली. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या असतात. उन्हाळ्यात आमची घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे बारा ते एक सूर्य आणखी वर चढला, काठीची सावली आखडली, आणि हिशेबात आमची चिमणी वीस फूट वाढली.

१९७९ साली गिरणी बंद पडली. तिथलं कपाट रिकामं करताना आमच्या चिमणीचा मूळ नकाशा हाती लागला : दोनशे चार फूट. गिरण्या विजेवर गेल्यावर दोन्ही चिमण्या केव्हाच पाडून झाल्या होत्या, मोजायला कोणी जाणार नव्हतं. मी नकाशा घडी घालून खिशात टाकला. लाज वाटली आणि भीतीही वाटली. यापेक्षा बरं कारण माझ्याजवळ नाही.

कलम ५. माझं राहतं घर मेव्हिस पिलिंग हिला द्यावं. तिने ते न घेतल्यास वाचनालयाला. वाचनालयाने फलक बदलावा.

कलम ६. हे कलम मी आत्ता, सगळ्यांसमोर, टेबलावरच लिहीत आहे. श्री. डक्सबरींनी मेव्हिसला बोलावून घेतलं होतं. तिने कलम चार दोनदा वाचलं.

“चिमणी अर्धी मोजून जेवायला गेलास?” ती म्हणाली.

“बारा वाजले होते.”

“मग जाणारच म्हणा.” तीही तीस वर्षं गिरणीत होती. मग चष्मा काढून म्हणाली, “सतरा वर्षं नकाशा दाबून बसलास. हिल्डा गेली तरी तोंड उघडलं नाहीस. मेल्या, तिला तरी सांगायचंस.”

मी म्हणालो, “सांगायला हवं होतं. चुकलो मी.”

तिने साक्षीदाराची जागा कुठे आहे ते विचारलं. श्री. डक्सबरी घाईघाईने म्हणाले, “बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर घर गेलं. माझा कारकून आहे ना सहीला.”

“त्याला काय ठाऊक आहे?” मेव्हिस म्हणाली. “घर राहू दे वाचनालयाला. तो जिना माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही. पेन द्या इकडे.”

मला आज फार मोकळं वाटतं आहे. एवढं मोकळं की या वयात भूक लागली आहे, आणि मेव्हिस जेवायला थांबते म्हणाली आहे.

हे सर्व मी वाचलं, मला समजलं, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

क्लिफर्ड थॉर्नबर
हॅगशॉ, ९ ऑक्टोबर १९९६

साक्षीदार :

१. अर्नेस्ट डक्सबरी. व्यवसाय : वकील.

२. मेव्हिस पिलिंग. व्यवसाय : जोनास ग्रिमशॉ यांची मुलगी.