मुशीचं तेल

आये,

तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. या वर्षांत मी पुष्कळ बोलले. तारापूरच्या कारखान्यांच्या फाटकांसमोर बोलले, वाणगावला ट्रकवर उभी राहून बोलले, पालघरला भर पावसात छत्र्या मिटवून ऐकणाऱ्या बायकांसमोर बोलले. सगळीकडे एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगत आले, की ज्या कामावर आपलं पोट चालतं त्या कामाच्या वासाची लाज धरू नका. एसटीत कुणी नाक दाबलं तर उठून मागे जाऊ नका, तिथेच बसा. हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. आणि टाळ्या पडत असताना मला सुरूच्या झाडांमागची एक विहीर दिसते. त्या विहिरीविषयी मी तुझ्याशी कधी बोलले नाही.

मी शाळेत असतानाची ती संध्याकाळ आठव. तू बोईसरच्या बाजारातून आली आहेस. उरलेले बोंबील सरावलीच्या चाळींत फिरवून, टोपली रिकामी करून आपल्या गावी, मुरब्याला परतली आहेस आणि चुलीपुढे बसून डाळीची पुडी सोडते आहेस. पुडीच्या कागदावर एका बाईचा फोटो आहे. ती समुद्रातून बाहेर येते आहे, अंगावर काहीतरी पांढरं थापलेलं, आणि दोन्ही बाजूंना माणसं तिला धरायला हात पुढे करून उभी आहेत. ती मात्र कुणाचाच हात धरत नाही. "ही कोण गो? अंगाला काय फासलाय हिने?" तू विचारलंस. मी वाचून दाखवलं. ती मुंबईची होती, एक अख्खा दिवस आणि त्यापुढची रात्र पाण्यात काढून दोन किनाऱ्यांमधला समुद्र पोहून गेली होती, आणि थंडी वाजू नये म्हणून तिने अंगाला चरबी लावली होती. तू बराच वेळ फोटो बघत राहिलीस. मग म्हणालीस, "पाण्यात एवढा वेळ रायली आणि एक मासा नाय आणला?" आपण दोघी हसलो. पण तो कागद तू चुलीत घातला नाहीस. पुसून माझ्या हातात दिलास.

तो कागद मी भाताच्या शितांनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पुढे मी खूप पुस्तकं वाचली, मोठमोठ्या माणसांची चरित्रं वाचली, पण कुणाचा हात न धरता पाण्याबाहेर येणाऱ्या त्या बाईने मला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. रोज पहाटे मी खाडीत उतरू लागले. आपल्याकडे पोहणं म्हणजे होडीतून पडलो तर करायची गोष्ट. मुद्दाम पोहणारी पोर गावाने पाहिली नव्हती. शेजारची काकी तुला म्हणायची, "तुजी पोर मासा व्हनार एक दिस. मग तूच टोपलीत घालून ईक तिला." तू म्हणायचीस, "ईकीन. पन भाव मी सांगीन." आणि घरी आल्यावर मला म्हणायचीस, उद्या खाडीतल्या त्या जाळ्याच्या खांबाच्या पुढपर्यंत जा.

मग खाडीपलीकडे सातपाटीच्या किनाऱ्यावर मुलींची समुद्रात पोहण्याची शर्यत ठरली, आणि बक्षीस द्यायला फोटोतली तीच बाई येणार असं कळलं. पौष महिना होता. तू बोटांवर तिथी मोजलीस आणि म्हणालीस, "त्या दिशी भांग हाय. पाणी वढनार नाय. निसती थंडीच काय ती." भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, होड्याही किनाऱ्यालाच असतात. त्यांना तेल चोळायचे तेच दिवस, म्हणून तेल घरात होतं. मुशी माशाच्या काळजाचं ते तेल, होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून लावतात ते. शहरातल्या बाईला चरबी, तर आपल्याला मुशीचं तेल. यात तुला काहीच वावगं वाटलं नाही. शर्यतीच्या दिवशी तिथे वाळूवर मला बसवून तू मानेपासून घोट्यापर्यंत तेल चोळलंस, अगदी होडी चोळावी तसं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. "व्हडीला थंडी लागत नाय, तुला काय लागंल." बाटलीत थोडं उरलं ते जपून कमरेला खोचलंस.

पालघरच्या, वसईच्या मुली आल्या होत्या. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. दोघीजणी माझ्यापासून सरकून उभ्या राहिल्या. एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. पण तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की सुरुवातीच्या आधी ती प्रत्येकीशी हात मिळवणार आहे. तिचा हात माझ्या हातात येईल आणि मग ती आपला हात हुंगेल, हे मला दिसलं. तू वाळूवर बायकांत बसली होतीस. मी सुरूच्या झाडांमागच्या विहिरीवर गेले. दगडावर कपड्याच्या साबणाचा तुकडा पडला होता. त्याने आणि वाळूने मी अंग घासलं, कातडी लाल होईपर्यंत. तू लावलेलं सगळं तेल काढून टाकलं.

तिने हात मिळवला. तिचा हात जाड, कोरडा होता, तुझ्यासारखा.

शर्यतीत अर्ध्या अंतराच्या थोडं पुढे माझ्या पोटऱ्या आखडल्या. दात वाजू लागले, मग हात उचलेनात. मला बाजूच्या होडीत ओढून घेतलं. किनाऱ्यावर आणलं तेव्हा तू धावत आलीस. पाण्याने ओढलं असं तुला सांगायची सोय नव्हती, तिथी तूच मोजली होतीस. मी म्हटलं, "गारठले." तुझा चेहरा उतरला. तेवढ्यात ती घोंगडी घेऊन आली आणि वाळूत आपल्याजवळ बसली. तू तिला हात जोडलेस. "बाय, माजीच चूक. तेल कमी लावला मी. व्हडीचा अंदाज धरला." आणि कमरेची बाटली काढून दाखवलीस. तिने नाक दाबलं नाही. तळव्यावर तेल घेतलं, हुंगलं, आपल्या मनगटाला चोळून बघितलं. मग माझा दंड हातात घेऊन तिने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा सरकला नाही. अर्धं आयुष्य पाण्यात काढलेली बाई ती, तिला आणखी काय सांगायला हवं होतं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाली, "तेल कमी पडलं नाही, मावशी." पुढचं मी सांगेन म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी घोंगडीत तोंड घातलं. ती उठली आणि जाताना फक्त एवढं म्हणाली, "पुढच्या वर्षी ये."

होडीतून खाडी ओलांडताना तू म्हणालीस, "मोटी मानसं. आपल्याला वाईट वाटू नये म्हनून तसा बोलली."

पुढच्या वर्षी मी गेले. तेव्हा ती आली नव्हती. तू दोनदा तेल चोळलंस आणि मी तशीच, त्या वासासकट, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले. शेवटून दुसरी आले, पण किनाऱ्याला माझ्या पायांनी लागले, कुणाचा हात धरला नाही. ते बळ माझ्यात त्या दिवशी आलं आणि पुढे कारखान्यांच्या फाटकांसमोर उभी राहताना तेच कामी आलं. पण तू गाववाल्यांना सांगत राहिलीस, "बगा, यंदा तेल नीट लागला. गेल्या साली माजा हात आखडला." बाजारात सांगायचीस, सोयऱ्यांत सांगायचीस. बोईसरच्या दवाखान्यात शेवटी शेवटी, माझ्या भाषणांचं कौतुक करणाऱ्या नर्सला तू पडल्या पडल्या म्हणालीस, "मोटी पोवनारी झाली असती ती. पयल्याच टायमाला मी कमी पडली." नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी तुझी चादर सारखी केली.

सभेत मी ही विहीर सांगू शकले असते. लोकांनी डोळे पुसले असते, माझं नाव झालं असतं. म्हणूनच नाही सांगितली. ती तुला सांगायची गोष्ट होती. तू कमी पडली नाहीस, आये. मी धुऊन टाकलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पण खरं सांगायचं तर तू असतीस तरी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. आलेलं पत्र तू माझ्याच हातात देऊन म्हणायचीस, "वाच गो, मोट्याने वाच." हजारो माणसांसमोर माझा आवाज कधी अडला नाही. एवढं एक पान तुझ्यापुढे बसून मला मोठ्याने वाचता आलं नसतं.