मंडईच्या मटणात वाइन

नाशिक, ५ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईस,
रीताचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र काऊन, असं तू म्हणशील. तुझा फोन बाबूजी स्पीकरवर टाकून ओसरीत बसतात आणि आपलं बोलणं अर्धं बोदलकसा गाव ऐकतं, म्हणून. मी मजेत आहे. हॉटेलात आता मटणाची शेगडी माझ्याकडे दिली आहे. बाबूजींना सांग, तुमची पोरगी तिथं भांडी घासत नाही!

आता खरी बातमी. दिवाळीनंतर गावच्या मंडईला, आपल्या जत्रेला, मी येते आणि पाहुण्यांचं मटण मीच रांधते, लाल वाइनमध्ये. दचकू नकोस. इथं खोलीवर करून पाहिलं, फार झकास झालं. मटण रात्रभर वाइनमध्ये भिजवायचं, कांदा-लसूण लालसर परतायचा आणि मंद आचेवर शिजवायचं. आपण आंबटाला चिंच घालतो, तशी ती समज. नशा वाफेबरोबर उडून जाते म्हणतात. बाबूजींनी दारू सोडली आहे, म्हणून आधी त्यांनाच फोनवर विचारलं. ते म्हणाले, आण, पाहतो तरी तू काय शिकली ते. बिसरामकाकांना जेवायचं आवतणही देऊन मोकळे झाले.

तू मात्र गावात बोलू नकोस. मंडईच्या मंचावर त्यांना दारू सोडल्याबद्दल शाल-नारळ मिळणार आहे, उगाच चर्चा नको. बाकी सगळं भेटीत. तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
रीता

---

बोदलकसा, १२ ऑक्टोबर

चि. रीतास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या शामकलानं आणून दिलं. वाचून माह्या तोंडचं पाणी पळालं. बाई, ती बाटली आणू नको. एक थेंबबी नाई.

तुले वाटते बाबूजीनं मनानं दारू सोडली. गावालेबी तेच वाटते. खरं मले आन् शामकलाले माहीत. मागच्या वर्षी त्यायले गोंदियाच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं होतं. तिनं दारू सुटाची गोळी देल्ली. घरी आल्यावर त्यायनं ते पाकीट अंगणात फेकलं, मी काय पागल आहो का म्हणून. मी उचलून ठेवलं. तवापासून रोज सकाळी त्यायच्या वरणाच्या वाटीत एक गोळी कुटून टाकते; सरल्या का शामकला गोंदियावरून आणून देते. त्याच वर्षी पोळ्याले ते आपल्या पिण्यातल्या दोस्तासंग, कवडूसंग, पेऊन आले आन् तोंड लालभडक, उलट्या, छाती लोहाराच्या भात्यासारखी. जाते का राहते असं झालं होतं. त्यायले वाटलं देवानंच इशारा देल्ला. मीबी वाटू देल्लं.

डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, त्यायले सांगूनच दे, आन् जेवणातली दारू, खोकल्याच्या औषधातली दारू, काहीच चालत नाई, जीवावर बेतते. मी सांगणं तेवढं टाळलं. आता तूच सांग, तुह्या मटणाले काय म्हणू? वाइन भेटली नाई असं त्यायले कळव. जिवाले जप, आन् मायवर राग धरू नको.

तुझी आई,
कुंदा

---

नाशिक, १८ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

राग धरू नको म्हणतेस! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमच्या मोठ्या शेफना विचारलं. शिजवून सगळी उडते हे खोटं आहे, थोडी राहतेच. मी माझ्या हातानं बाबूजींच्या पानात काय वाढणार होते, ते आठवलं आणि खोलीवर उरलेली वाइन मोरीत ओतून दिली.

पण आई, तू हे काय करून राहिलीस? उद्या सर्दीला मेडिकलमधून कोणतं औषध आणलं तर? मंडईत कोणी थट्टेनं शरबतात घातली तर? ज्या माणसाला माहीतच नाही तो सांभाळणार कसा? तू त्यांना वाचवतेस हे कळतं गं, पण आंधळ्यासारखं वाचवतेस.

बाबूजींना कळवलं की वाइन मिळत नाही. आता माझंही ऐक. मंडईच्या आधी त्यांना सांग. तू सांगितल्याशिवाय मी घरी पाऊल टाकत नाही. त्यांच्यासमोर बसून खोटं हसायला मला जमणार नाही. रागात लिहिलं तरी पोटची आहे, हे विसरू नकोस.

रीता

---

बोदलकसा, २८ ऑक्टोबर

चि. रीतास,
आशीर्वाद तर आहेतच, तू ये नाई तर नको येऊ.

सांग म्हणणं सोपं आहे. सत्कारासाठी त्यायनं पांढरा सदरा शिवला आहे. चौकात बसून पोट्टेईले सांगतात, मनाचा निर्धार पाहिजे. त्या माणसाले कसं सांगू का निर्धार तुमचा नाई, वाटीतला होता? ऐकलं का उठून सरळ मोहाच्या भट्टीवर जातीन. जुने दिवस तुले आठवत नसतीन. मले आठवतात.

आन् ऐक, काल काय झालं. तुले वाइन भेटली नाई म्हणून तुह्या योगराजदादाले सांगून गोंदियावरून बाटली आणवली! देवाच्या फळीखालच्या फळीवर ठेवली. म्हणतात, पोरगी येत नाई तर मी रांधतो, तिनं फोनवर सगळं सांगितलं आहे. दिवसभर जाता-येता बाटलीकडे पाहतात, मंग माह्याकडे पाहतात. मी गोळी बंद केली, पण डॉक्टरीणबाई म्हणाली होती का बंद केल्यावरबी ती दोन हप्ते अंगात राहते. मंडई त्याच्या आतच आहे. बाटली फोडून टाकावशी वाटते. फोडली तर काऊन फोडली म्हणतीन. रीता, तू ये वो. मी एकटी आहो.

तुझी आई

---

बोदलकसा, ९ नोव्हेंबर

चि. रीताबेटास,
बापाचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीन असं तुले सपनातबी वाटलं नसन. मायचं पत्र तुले वेळेवर भेटलं नसन, मंडईले तू आली नाई, म्हणून झालं ते माह्या तोंडून ऐक.

मटण मीच रांधलं. रंग पिकल्या जांभळासारखा आला. पाहुण्याईची पंगत बसली, तुह्या मायनं वाढलं. मी घास उचलला. तोंडाजवळ नेला. तवा तिनं माह्या हातावर असा फटका मारला का घास बिसरामच्या टोपीवर! आन् पंगतीत हंबरडा फोडून बोलली, खाऊ नका, मरान, मी तुमाले गोळी चारून राहिली होती.

मी म्हटलं, मले माहीत आहे.

बेटा, मले पोळ्यानंतरच कळलं होतं. तुह्या मायनं जलमात अन्नाचा दाणा टाकला नाई, आन् माह्या वाटीत उरलेलं वरण मातर राखेत टाके. कुत्र्यालेबी देये नाई. एक दिवस चुलीमागं तेच पाकीट दिसलं, अंगणात फेकलेलं. लय राग आला. मी का बैल आहो, मले न सांगता औषध पाजाले? वाटी तिच्या तोंडावर मारावशी वाटली. पण वाटी फेकली तर मी उद्या कुठं दिसीन, हेबी मले माहीत होतं. म्हणून खात गेलो. तुही माय चूप, मी चूप. मंग गावानं सत्कार ठरवला आन् मले ते शाल टोचाले लागली. तू वाइन म्हणाली तवा मनात आलं, आता तरी तुही माय बोलन. बाटली फळीवर तिच्यासाठीच ठेवली होती. शेवटपर्यंत बोलली नाई! लय जिद्दी बाई. तो घास मी खाल्ला असता का? खरं सांगतो, मलेबी माहीत नाई. त्याचंच भेव वाटते.

संध्याकाळी मंचावर माइक घेतला आन् सांगून टाकलं का मी मनानं नाई, गोळीनं सोडली, आन् गोळी बायकोनं देल्ली. कोणी हासलं नाई. मंग गर्दीतून कवडू वरडला, कोणती गोळी, कुठं भेटते? त्याची बायको मंचाखाली रडत होती.

काल आमी तिघं डॉक्टरीणबाईकडे जाऊन आलो, मी, तुही माय आन् कवडू. तुह्या मायले लय बोलणे खावे लागले. आता गोळी माह्याच हातानं घेतो. पण तिचा माह्यावर भरवसा नाई. रोज सकाळी मले अंगणात उभा करते, तोंड उघडाले लावते, मंग जीभ वर कराले लावते. शामकला कुंपणावरून पाहून हासते. मी उघडतो.

आता घरी ये. मायेत कमी करू नको.

तुझा बाप,
सुकराम