फाटकाबाहेरची सिगारेट

अण्णा, धाकटा जे सांगत सुटला आहे, ते दुरुस्त करणे मला भाग आहे. परवा त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, वाढप्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "सर्वपित्रीला कावळा काही शिवेना. मग दादा खाली गेला, अण्णांच्या नावानं दोन झुरके मारले, आणि इकडे कावळा हजर!" लोक हसले. माझ्या व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांच्या माझ्या निग्रहाची एका वाक्यात राख झाली. आणि त्या वाक्यात तिथी चुकीची, क्रम चुकीचा, इतकेच नव्हे तर कर्ताही चुकीचा. तेव्हा क्रमाने सांगतो.

तुम्ही आणि मी, दोघेही सिगारेट ओढत होतो, आणि दोघांनीही एकमेकांना ओढताना कधी पाहिले नाही. माझी पन्नाशी उलटली होती, तरी तुमची चाहूल लागताच मी हातातली विझवीत असे. तुम्ही स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत असलात की मी मोठ्याने खाकरत येई, आणि तेवढ्यात तुमचा हात कठड्याबाहेर जाई. आपल्या घरात याला लपवाछपवी म्हणत नसत, मर्यादा म्हणत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तुमची उभी नोकरी गेली. तेथे यंत्र थंड ठेवण्यासाठी हायड्रोजन वापरीत, म्हणून आगपेटी फाटकावर जमा करूनच आत जायचे, असा नियम होता आणि तशी पाटीही होती. लहानपणी आईने एकदा निरोप देऊन मला त्या फाटकाशी पाठवले होते, तो दिवस मला अजून दिसतो. पाळी सुटते. तुम्ही बाहेर येता. अंगावर कोळशाची धूळ आहे आणि कानावर एक सिगारेट, अख्खी पाळी न पेटवलेली. पहारेकरी आगपेटी परत देताना चेष्टा करतो, "अण्णा, एवढी तलफ हाय तर आत कुनाकडं बी काडी मिळती. कोपऱ्यात कोन बघतंय?" तुम्ही म्हणता, "पाटी बघती ना." मग तुम्हाला मी दिसतो, आणि सिगारेट कानावरून खिशात जाते. तुमच्या 'बघती'चे मी कधी 'बघते' केले नाही. मी दुरुस्त न केलेली भाषा आयुष्यात तेवढी एकच.

माझ्या कार्यालयातली रीत उलटी होती. तेथे टेबलाटेबलावर रक्षापात्रे असत आणि दुपारपर्यंत समोरचा माणूस धुरातून बोले. सरकारी बंदी आली तेव्हा परिपत्रकाचा मसुदा साहेबांनी माझ्याकडे सोपवला, आणि तो मी सिगारेट ओढत लिहिला. त्यात एकही खाडाखोड नव्हती. साहेब वाचून म्हणाले, "वाक्यरचना निर्दोष आहे. आता ती हातातली विझवा." दुसऱ्या दिवसापासून मी सायकलींच्या शेडमागे उभा राहू लागलो. तेथे एक शिपाई मला रोज माझेच वाक्य ऐकवी, "उपरोक्त ठिकाणी धूम्रपान करताना आढळल्यास... पुढं काय हो साहेब? तुमच्याएवढं पाठ नाही आपल्याला." आपणच लिहिलेल्या वाक्याने आपल्याला शेडमागे उभे करावे, हे मला सहन झाले नाही. त्या वर्षीच्या घटस्थापनेला मी सिगारेट सोडली. डॉक्टरांच्या धाकाने नव्हे, कोणाला वचन दिले म्हणूनही नव्हे. सोडल्यावर मी इतका चिडचिडा झालो की ही म्हणाली, "ओढत होतात तेच बरं होतं. निदान घटकाभर गॅलरीत तरी जात होतात."

त्याच सुमारास तुम्ही डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे राहायला आलात, ते कायमचेच. स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पिताना गॅलरीकडे पाहिलेत. राखेच्या डब्यात हिने कोथिंबीर लावली होती. "जमलं?" तुम्ही विचारलेत. "जमलं," मी म्हणालो. "लय चांगलं केलं." सिगारेट या विषयावर आपण उभ्या जन्मात बोललो ते एवढेच, असे मी म्हणणार होतो, परंतु ते खरे नाही, कारण चार दिवसांनी तुम्ही मला रागावलात. मी दूधवाल्यालाही अडवून माझा पराक्रम सांगत होतो. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "सोडली ना? मग आता सांगायचं बी सोड." आणि त्याच संध्याकाळी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी असताना, कठडा चाचपीत तुम्ही जिना उतरू लागलात. मी मागे धावलो. "अण्णा, गॅलरीत ओढा. मला काही होत नाही." तुम्ही मागे न वळता म्हणालात, "तू उपास धरलाय. मी तुझ्यापुढं जेवू का?" तेव्हापासून शेवटपर्यंत, उन्हात नि थंडीत, तुम्ही सारे मजले उतरून फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन ओढत राहिलात. मला अनेकदा तलफ आली. प्रत्येक वेळी जिन्यावरची तुमची पावले ऐकू आली, आणि मी हललो नाही. माझा निग्रह मोठा आहे याचा मला अभिमान आहे, आणि तो तुमच्या गुडघ्यांवर उभा आहे याचा त्याहून अधिक.

पुढच्या पाडव्याला आमच्या इमारतीच्या सभेत ठराव झाला आणि मजकूर अर्थातच माझ्याकडे आला: "या इमारतीचा जिना, गच्ची व आवार येथे सभासदांनी, भाडेकरूंनी व त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी धूम्रपान करू नये. ज्यांना ते करावयाचे असेल, त्यांनी कृपया फाटकाबाहेर जावे." पाटी लागली तेव्हा तुमच्यापुरता कोणताच बदल झाला नाही. पुढे दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू आले, अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारे. त्यांना मी तीनदा गच्चीवरून खाली पाठवले. जाताना ते म्हणत, "काका, तुमची पाटी भारी आहे. वाचून होईस्तोवर सिगारेट संपते."

आता मूळ प्रसंग. तुमचे श्राद्ध दरवर्षी धाकटा गावी करतो. अंगणात पान मांडतो आणि समईवर सिगारेट शिलगावून पानाशेजारी ठेवतो. यंदा त्याच्या घराचे छत दुरुस्तीला काढले होते, म्हणून सप्तमीला सगळे आमच्याकडे आले. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सारे पान हिने गच्चीवर मांडले. धाकट्याने खिशातून सिगारेट काढली आणि माझ्याकडे आगपेटी मागितली. मी पाटीकडे बोट दाखवले.

"दादा, अण्णांना कसली पाटी?"

"अण्णांना नसेल. गच्चीला आहे."

"ते काय भाडेकरू आहेत का इथले?"

"पाहुणे आहेत. वर्षातून एकदा येतात. पाटीत पाहुण्यांचा उल्लेख आहे."

"लोकांना नियम, आता मेलेल्या बापालाही नियम! एवढं व्याकरण शिकलास, त्यात बाप बसत नाही का कुठं?"

सिगारेट न पेटवताच पानावर राहिली. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. कावळे समोरच्या टाकीवर बसून होते; एकही येईना. खाली मुले भुकेने रडकुंडीला आली. धाकटा आळीपाळीने पाटीकडे आणि माझ्याकडे पाहत होता. अण्णा, त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. मी तुम्हाला उपाशी परत पाठवतो आहे, आणि तेही माझ्या एका वाक्यासाठी, असे वाटले. माझा हात आगपेटीवर गेलाही. तेवढ्यात पानावरची ती सिगारेट मी नीट पाहिली: पांढरी, सरळ, न पेटवलेली. ती कानावर असायला हवी होती. तुमची पाळी अजून सुटायची होती, इतकेच. मी ती उचलली आणि जिना उतरू लागलो.

फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, ते भाडेकरू उभे होते. मला पाहताच म्हणाले, "काका, आता इथंपण बंदी का?"

"नाही. उघड्या रस्त्यास तो नियम लागू नाही. मी वाचून खात्री केली आहे. ही घ्या."

त्यांनी सिगारेटकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुम्ही? मला?"

"माझ्या वडिलांची तिथी आहे. ही त्यांची. श्राद्धाचे अन्न जिवंत माणसाच्या मुखी पडावे लागते. ते याच जागी उभे राहत."

त्यांनी हातातली अर्धी विझवली आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. "चपला कशाला?" मी विचारले. "श्राद्धाची म्हणालात ना," ते म्हणाले, आणि मग त्यांनी ती पेटवली. सावकाश, शेवटपर्यंत ओढली. मी त्यांना जेवायला वर घेऊन आलो. त्यांनी वडे मागून घेतले.

धाकटा गच्चीच्या कठड्यावरून वाकून हे पाहत होता. वरून त्याला फक्त माझे टक्कल आणि भोवतीचा धूर दिसला. कावळ्याकडे त्याची पाठ होती. हिची नव्हती. ही सांगते, मी जिन्यात दिसेनासा होताच कावळा पानावर उतरला. सिगारेट त्यानंतर पेटली. साखरपुड्यात हे मी उभे राहून सांगू शकलो असतो. परंतु सांगायचेही सोड, असे तुम्ही बजावले होते. पुढच्या सप्तमीला हे पत्र पानाशेजारी ठेवावे, असे मनात होते. ठेवणार नाही. धाकटा ते वाचेल, आणि त्याचीही वेगळीच हकीकत करून सांगेल. तिथ्या तेवढ्या नीट लावून ठेवतो.

सिगारेट सोडली: तुमच्या पश्चात नव्हे, तुमच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वर्षी, घटस्थापनेला.

पाटी लागली: त्यानंतरच्या पाडव्याला. तुम्ही ती पाळू लागलात त्याच्या आधीपासून.

तुमची तिथी: सप्तमी. सर्वपित्री अमावास्या नव्हे.

कावळा शिवला: सप्तमीला दुपारी, सिगारेट पेटण्यापूर्वी.

मी मारलेले झुरके: एकही नाही. मात्र वारा गंगेकडे, म्हणजे आमच्या नदीकडे, वाहत होता, आणि ती सिगारेट संपेपर्यंत मी त्या बाजूला सरकून उभा होतो.