कराची ते जुहू, चार तास

कराची,
दि. २२ मे १९४६

ती. सौ. भागाअक्कास,

अभिमनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी ठणठणीत आहे, आणि हे लिहायचीच आज लाज वाटते.

तुझं पत्र पोचलं. इकडे ऊन कडक असलं तरी संध्याकाळी समुद्राचा वारा येतो. ऑफिसात काम फार. जेवण खानावळीचं, त्याला आपल्या ठेच्याची सर नाही.

विमान बिघडल्याची माझी तार येईपर्यंत तुझ्या घशाखाली घास उतरला नाही, असं लिहिलंस. विमान पडलं असेल या धास्तीने तू दारातून हलली नाहीस. आखाजीच्या सणाला माहेरी न्यायला दरवर्षी आपला चुलतभाऊ वना मुऱ्हाळी होऊन येतो, तसा यंदाही तो धुळ्याला आला, तर त्याला तू परत लावून दिलंस, म्हणालीस, "मना भाऊ येणार शे, इमानमा बशीसन. मी त्यानासंगेच जासू."

यंदा मीच न्यायला येतो, असं मी मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं ना. कराची ते जुहू साडेपाचशे मैल, विमानाला चार तास. पुढे चाळीसगावला गाडी बदलली की धुळं.

अक्का, विमान बिघडलं नव्हतं. ते वेळेवर उतरलं. आखाजीला तेव्हा तीन दिवस होते.

चोपड्याचा चुडामण, माझा शाळासोबती, घ्यायला आला होता. त्याच्या मुंबईच्या खोलीवर आपल्याकडची मंडळी जमली. वरून शेतं कशी दिसतात, पोटात कसं होतं, हे सगळ्यांना ऐकायचं होतं आणि मला सांगायचं होतं. उद्या निघ म्हणाले, राहिलो. मग आणखी राहिलो. तू दारात बसली असशील हे मला ठाऊक होतं. विसरलो असं म्हणून मी सुटणार नाही. आखाजीच्या सकाळी तुला तोंड दाखवायचं धैर्य होईना, तेव्हा बिघाडाची खोटी तार ठोकली आणि परतीची बोट धरली.

हे मी कधीच सांगितलं नसतं. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की एकवीरामातेला नवस बोललीस: भाऊ सुखरूप राहू दे, आखाजीचं माहेर मी कायमचं सोडते. सासरचे तुला वर्षातून तेवढेच दिवस सोडतात. तेच तू माझ्यावरून ओवाळून टाकलेस.

देवीपुढे जाऊन माझं नाव घेऊन सांग, भाऊ संकटात नव्हताच, मुंबईत पाय पसरून गप्पा मारत होता. दोष लागायचा तो मला लागू दे. सासूबाईंना मी वेगळं लिहिलंय.

पाचोऱ्याहून, आपल्या घरून, वनाचं पत्र आहे. माय अंथरुणावरून रोज विचारते, "मनी भागा का बरं नही ऊनी?" आखाजीला तुझ्यासाठी निंबाला बांधलेला झोका ती सोडू देत नाही. वनाला पुन्हा धुळ्याला जायला कळवलंय. आखाजी गेली, पण माय आहे. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण त्याच्याबरोबर निघ.

ज्याची वाट पाहू नये असा तुझा भाऊ,
अभिमन